पन्नास बाइट

धरणांची नावं रूबेननं दिलेली:
गंगापूर, दारणा, मुकणे.
तीन नोड, भाड्याच्या ढगात कुठंतरी,
आणि आम्ही दोघं पाथर्डी फाट्यावर
तिसऱ्या मजल्याच्या गार खोलीत.
जानेवारी. खिडकीबाहेर पांडवलेण्यांचा डोंगर
नुसता काळा.

पिंपळगावच्या शीतगृहातलं तापमान
अकरा वाजून सात मिनिटांनी थांबलं.
शून्य पूर्णांक चार.
शून्य पूर्णांक चार.
आत द्राक्षं, पेटीबंद,
त्यांना काय माहीत आकडा गोठलाय.
वॉचमन पोपटराव दर अर्ध्या तासानं आत जाऊन
भिंतीवरचा काटा वाचतात, फोनवर सांगतात,
"आहे बरं का ताई, गार आहे."

मुकणेला हाक मारली.
पिंग गेला, आला. गेला, आला.
"जिवंत आहे," रूबेन म्हणाला, "मग बोलत का नाही?"
"मुकणे म्हणे. नाव तरी काय ठेवलंस."
पॉड मारले, पुन्हा उठवले.
पत्ते तपासले, वाटांचा तक्ता ओळ न् ओळ वाचला,
कुठंच चूक नाही, आणि हेच वाईट.
रूबेनचं बिस्किट चहात तुटून तळाशी गेलं.
"फायरवॉल," तो म्हणाला.
तो नेहमी फायरवॉलच म्हणतो.

मला दगूमामा आठवला.
टेलिफोन खात्यात लाइनमन, चौतीस वर्षं,
देवळाली ते घोटी खांब न् खांब पाठ.
म्हणायचा, तार खोटं बोलत नाही गं,
एकाच टोकाला उभा राहून ऐकणारा बोलतो.
दोन्ही टोकांना माणूस उभा कर.

केले उभे. मी दारण्यावर, रूबेन मुकण्यावर,
म्हणजे एकाच टेबलाच्या दोन बाजूंना,
काळ्या पडद्यांवर येणारी-जाणारी पाकिटं मोजत.
छप्पन बाइट. पोचलं.
पाचशे. पोचलं.
चौदाशे. पोचलं.
चौदाशे साठ…
गेलं. मी पाहिलं जाताना.
समोरून रूबेननं मान हलवली, नाही.

म्हणजे लहान बोलणं सगळं पोचत होतं.
ऐकू येतंय का? येतंय. बरं आहे ना? बरंय.
काही सांगायला घेतलं की वाटेत गडप.

इथं पाकिटावर अजून एक पाकीट असतं.
त्या वरच्या लिफाफ्याचे पन्नास बाइट
कुणी हिशेबात धरलेच नव्हते
मंगळवारी मुकणेचं मशीन बदललं तेव्हा.
पंधराशेचं दार, पंधराशेचाच माणूस,
आणि अंगावर घोंगडी.

खरं तर वाटेवरचं कुणीतरी ओरडलं होतं.
मावत नाही, लहान करून पाठवा,
असा उलटा निरोप, दर वेळी, नियमानं.
तो निरोप आमच्याच फायरवॉलनं अडवला.
दोन वर्षांपूर्वीची एक ओळ, सुरक्षिततेसाठी.
लिहिणाऱ्याचं नाव: माझं.

रूबेननं पुड्यातलं शेवटचं बिस्किट
माझ्याकडं सरकवलं.

पंधराशेचे चौदाशे पन्नास केले.
ती ओळ काढली.
तीन एक्केचाळीसला शून्य पूर्णांक सहा.
मग शून्य पूर्णांक पाच. आकडा हलला!
पोपटरावांना फोन केला, आता झोपा म्हणून.
ते झोपेतून उठून म्हणाले, "झोपतो."

सकाळी तशीच देवळालीला, मामाकडं.
अर्धांगानंतर त्याचे शब्द मोजके.
चहा. हो. खिडकी.
मी आपली सुरू, नोड, लिफाफा, मंगळवार, माझीच ओळ,
आणि त्याचे डोळे माझ्या ओठांवरून निसटून
दुधाच्या पातेल्याकडं गेले.

थांबले.
"मामा, लाइन बंद होती."
"हं."
"रात्रभर."
बराच वेळ गेला.
"टोकं?"
"दोन्ही."

त्यानं डाव्या हातानं बशी माझ्याकडं ढकलली.
निम्मा चहा टेबलावर.
पुसायला कुणी उठलं नाही.